सेक्रेटेरिएट: त्याच्या शर्यती, त्याची पैदास आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या या घोड्याबद्दल आपल्याकडचे रेसवाले दोन गोष्टी हमखास सांगतात: एक, तो ३१ लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जिंकला, दुसरी, पैदाशीत तो फुकट गेला. पहिली खरी आहे. दुसरी अर्धवट ऐकीव आहे, म्हणून खाली पैदाशीच्या प्रश्नांना जरा जास्त जागा दिली आहे.

सेक्रेटेरिएट नेमका कोण?

३० मार्च १९७० रोजी, मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी, व्हर्जिनियातल्या डॉसवेल गावच्या मेडो फार्मवर जन्मलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. रंग तांबूस, कपाळावर चांदणी, तीन पाय पांढरे. अंगापिंडानं दांडगा, म्हणून लोक त्याला 'बिग रेड' म्हणत. हे टोपणनाव खरं तर त्याच्या आधीच्या मॅन ओ'वॉर या घोड्याचं, पण ते यालाही चिकटलं.

एकूण २१ शर्यती: १६ वेळा पहिला, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. बक्षिसांची कमाई १३,१६,८०८ डॉलर. १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षं तो अमेरिकेतला 'हॉर्स ऑफ द इयर' ठरला. पहिल्या वेळी तो अवघ्या दोन वर्षांचा होता. हा मान सहसा मोठ्या घोड्यांकडे जातो.

छापा-काटा हरल्यामुळे तो मालकिणीला मिळाला, ही गोष्ट खरी का?

खरी आहे. पण ती सांगताना अर्धा करार गाळला जातो आणि मग काहीच कळत नाही.

बोल्ड रूलर हा त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत मोठा बापघोडा. तो ऑग्डेन फिप्स यांच्या घराण्याचा. पैसे घेऊन लोकांच्या घोड्या भरवून (गाभण करवून) देण्यापेक्षा फिप्स यांना चांगल्या घोड्यांची शिंगरं हवी असत. म्हणून त्यांनी मेडो स्टेबलशी सौदा केला: मेडोनं लागोपाठ दोन वर्षं दोन-दोन घोड्या बोल्ड रूलरकडे पाठवायच्या आणि होणारी शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची. नाणं उडवायचं. जिंकेल त्यानं पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून आधी निवड करायची, हरेल त्यानं दुसऱ्या वर्षीच्या.

पहिल्या वर्षी दोन्ही घोड्या व्याल्या: समथिंगरॉयलला मादी, हेस्टी माटेल्डाला नर. दुसऱ्या वर्षी हेस्टी माटेल्डाच्या जागी सिकाडाला पाठवलं, पण ती गाभण राहिली नाही. समथिंगरॉयल तेवढी राहिली. म्हणजे १९६९ मध्ये नाणं उडवायची वेळ आली तेव्हा हिशेब उघड होता: जिंकणाऱ्याला एकच शिंगरू, हरणाऱ्याला दोन. दोघांनाही हरायचंच होतं!

फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयलची मादी घेतली. तिचं नाव द ब्राइड. चार शर्यती धावली, एकही जिंकली नाही. मेडोच्या पेनी चेनरी (तेव्हाच्या पेनी ट्वीडी) यांच्या वाट्याला हेस्टी माटेल्डाचा नर आला आणि समथिंगरॉयलच्या पोटातलं शिंगरू.

मालकीण बाई होती, हे त्या काळात नवल नव्हतं का?

होतं. वडील क्रिस्टोफर चेनरी आजारी पडले, फार्म तोट्यात होता आणि भावंडांचा कल विकून टाकण्याकडे होता. पेनी चेनरी अडून बसल्या. १९७२ मध्ये त्यांच्याच रिव्हा रिजनं केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकली आणि फार्म तगला. सेक्रेटेरिएटच्या कौतुकात रिव्हा रिजचा विसर पडतो, हा त्या घोड्यावर अन्याय आहे.

ट्रेनर लुसियन लॉरिन आणि जॉकी रॉन टरकॉट, दोघंही फ्रेंच बोलणारे कॅनेडियन. मोतद्दार एडी स्वेट. घोडा चोवीस तास ज्याच्या हाताखाली असतो तो मोतद्दार. या घोड्याच्या बहुतेक जुन्या फोटोंत दोरी धरून स्वेटच उभा दिसतो.

नाव असं कचेरीसारखं का?

मेडोच्या चिटणीस एलिझाबेथ हॅम यांनी सुचवलं. राष्ट्रसंघाच्या सचिवालयाशी त्यांचा पूर्वी संबंध आला होता. त्याआधी पाठवलेली बरीच नावं जॉकी क्लबनं, म्हणजे घोड्यांची नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेनं, परत केली होती.

पहिल्यापासूनच तो अजिंक्य होता का?

छे. ४ जुलै १९७२ ला न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट मैदानावर पहिली शर्यत धावला. सुटतानाच जोराचा धक्का बसला आणि चौथा आला. त्यानंतर मात्र त्या वर्षी एकही घोडा त्याच्यापुढे पोचला नाही. शॅम्पेन स्टेक्समध्येही तोच आधी आला होता, पण दुसऱ्या घोड्याला आडवा गेला म्हणून पंचांनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ढकललं. वर्षअखेर नऊपैकी सात विजय.

डर्बीच्या आधी दोन आठवडे तो हरला, ते कसं?

१९७३ च्या वूड मेमोरियलमध्ये तो तिसरा आला. पहिला अँगल लाइट (तोही लॉरिन यांच्याच तबेल्यातला, त्यामुळे घरात केवढी धुसफूस झाली असेल याची कल्पना करा), दुसरा शॅम. सेक्रेटेरिएटच्या तोंडात गळू झालं होतं. लगामाची कडी तिथंच टोचत होती. घोडा लगामाला साथ देईना याचं कारण ते. गळू फुटलं, आठवड्याभरात तो पुन्हा खायला लागला, पण वर्तमानपत्रांनी तोवर निकाल लावून टाकला होता: बोल्ड रूलरची पोरं लांब पल्ल्याला दमतात.

या शंकेला आधारही होता. बोल्ड रूलरची बरीच पोरं वेगाची, दमाची नव्हती. दम आला तो आईकडून. समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो लांब पल्ल्याचा घोडा.

ट्रिपल क्राउन म्हणजे काय?

तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन शर्यती, पाच आठवड्यांत. लुईव्हिलची केंटकी डर्बी सव्वा मैल, बाल्टिमोरची प्रीकनेस त्याहून अर्धा फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) कमी आणि न्यूयॉर्कची बेलमाँट दीड मैल. आपल्या महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीचं अंतर २४०० मीटर, म्हणजे जवळजवळ बेलमाँटएवढंच. फरक दोन: आपली डर्बी चार वर्षांचे घोडे गवतावर धावतात, बेलमाँट तीन वर्षांचे घोडे मातीवर.

सेक्रेटेरिएटच्या आधी तिन्ही जिंकण्याचा हा मान सायटेशननं १९४८ मध्ये मिळवला होता. पंचवीस वर्षं जागा रिकामी होती.

केंटकी डर्बीत एवढं विशेष काय घडलं?

५ मे १९७३. वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. तो विक्रम अजून तसाच आहे. पण वेळेपेक्षा तिचे तुकडे बघा. पहिला पाव मैल २५.२ सेकंदांत, दुसरा २४, तिसरा २३.८, चौथा २३.४, पाचवा २३. प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा वेगात! घोडा दमत जातो, शेवटी सगळेच मंदावतात आणि जो कमी मंदावतो तो जिंकतो, हे शर्यतीचं साधं गणित. इथं घोडा शेवटपर्यंत वेग वाढवत होता.

शॅम अडीच लांबींनी दुसरा. गेटवर तोंड आपटून त्याचे दोन दात निखळले होते, तरी तो धावला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी शॅम डर्बी जिंकला असता असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

प्रीकनेसची वेळ ३९ वर्षांनी बदलली म्हणतात, ती भानगड काय?

प्रीकनेसमध्ये टरकॉटनं पहिल्याच वळणावर घोडा सोडला आणि तो सगळ्यांच्या मागून बाहेरून थेट पुढे आला. वळणावर असा वेग कुणी काढत नाही, पुढं दम पुरत नाही. याला पुरला. पुन्हा शॅम अडीच लांबी मागे.

मैदानावरच्या विजेच्या घड्याळानं १:५५ दाखवले. हातात घड्याळं घेऊन बसलेल्या जाणकारांनी वेगळंच मोजलं होतं. काही दिवसांनी अधिकृत वेळ १:५४.४ केली गेली, पण वाद मिटला नाही. अखेर २०१२ मध्ये मेरीलँडच्या रेसिंग कमिशननं जुनं चित्रीकरण नव्यानं तपासून १:५३ ही वेळ मान्य केली. अशा रीतीनं तिन्ही शर्यतींचे विक्रम त्याच्या नावावर लागले आणि आजवर टिकले आहेत.

बेलमाँटचे ३१ लांबी म्हणजे किती?

एक लांबी साधारण आठ फूट. म्हणजे सुमारे ७५ मीटर. दुसरा घोडा अजून मैदानाच्या सरळ पट्ट्यात धापा टाकतोय आणि हा रेषेपलीकडे.

९ जून १९७३. मैदानात पाचच घोडे, कारण कुणाला उगाच अंगाला धूळ लावून घ्यायची नव्हती. सुटताच शॅम आणि सेक्रेटेरिएट खांद्याला खांदा लावून पळाले. पहिला पाऊण मैल १:०९.८ मध्ये. दीड मैलाच्या शर्यतीत हा वेग आत्मघातकी. जाणकार तबेलेवाल्यांनी त्या क्षणी कपाळाला हात लावला असणार. शॅम मोडला, मागे पडत गेला आणि शेवटचा आला. पुन्हा कधी शर्यत धावलाच नाही.

सेक्रेटेरिएट मात्र थांबायचं नावच घेईना. सव्वा मैलाच्या खांबाशी तो १:५९ मध्ये पोचला. पाच आठवड्यांपूर्वी केलेल्या डर्बीच्या विक्रमापेक्षाही ते कमी होते, आणि अजून पाव मैल शिल्लक होता. एकूण वेळ २ मिनिटं २४ सेकंद. शेवटच्या पट्ट्यातला टरकॉटचा एक फोटो फार गाजलेला आहे: मागं कुणी दिसत नाही म्हणून मान डावीकडे वळवून तो फलकावरचं घड्याळ बघतोय. त्या क्षणी त्याची शर्यत फक्त घड्याळाशी उरली होती.

पैजेच्या दोन डॉलरच्या तिकिटावर दोन डॉलर वीस सेंट मिळाले. जिंकलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत. त्या पैशांपेक्षा कागद जपून ठेवणं त्यांना मोलाचं वाटलं.

मग तो हरला कुणाकडून?

ट्रिपल क्राउननंतर दोनदा. ऑगस्टमध्ये सॅराटोगाला व्हिटनी स्टेक्समध्ये ओनियन नावाच्या सामान्य घोड्यानं त्याला लांबीभरानं मागे टाकलं. सेक्रेटेरिएटच्या अंगात तेव्हा ताप होता. सप्टेंबरअखेर वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटनं साडेचार लांबींनी हरवलं. ती शर्यत खरं तर रिव्हा रिज धावणार होता. पाऊस पडून मैदान चिखलाचं झालं म्हणून आयत्या वेळी याला उतरवलं. ओनियन आणि प्रूव्ह आउट, दोन्ही ॲलन जर्केन्स यांचे घोडे. मोठ्या घोड्यांचा घात करणारा ट्रेनर अशी त्यांची ख्यातीच होती.

या दोन पराभवांच्या मधे मार्लबरो कप झाला. त्यात यानं रिव्हा रिजला मागे टाकून नऊ फर्लांगांचा जागतिक विक्रम केला: १:४५.४.

तो फक्त मातीवरचा घोडा होता का?

नाही. शेवटच्या दोन्ही शर्यती गवतावर झाल्या आणि दोन्ही जिंकला. मॅन ओ'वॉर स्टेक्समध्ये दीड मैल २:२४.८. मग कॅनडात वुडबाइनला कॅनेडियन इंटरनॅशनल, साडेसहा लांबींनी. टरकॉटवर तेव्हा बंदी होती, म्हणून पाठीवर एडी मेपल होता. महालक्ष्मीच्या गवतावर २४०० मीटर बघायची सवय असलेल्यांनी मॅन ओ'वॉरची वेळ लक्षात ठेवावी. अशा दोनच शर्यती धावून तो थांबला, याची हळहळ मला बेलमाँटपेक्षा जास्त वाटते.

तीन वर्षांचा असतानाच निवृत्त का केला?

पैसा. जानेवारी १९७३ मध्ये क्रिस्टोफर चेनरी वारले आणि वारशावरचा कर डोक्यावर येऊन बसला. तो फेडायला घोडा विकणं भाग होतं. केंटकीतल्या क्लेबर्न फार्मचे सेथ हँकॉक यांनी त्याचे ३२ हिस्से पाडले, प्रत्येकी १,९०,००० डॉलरला. एकूण ६०,८०,००० डॉलर. तोवरचा उच्चांक. सेथ हँकॉक तेव्हा विशी-पंचविशीतला पोरगा, वडील नुकतेच गेलेले, आणि हा सौदा फोनवर फोन करून जमवलेला. एक हिस्सा म्हणजे दर वर्षी एक घोडी भरवायचा हक्क.

लक्षात घ्या, हा सौदा फेब्रुवारीत झाला. तेव्हा डर्बीसुद्धा व्हायची होती. तीन वर्षांचा हंगाम संपताच घोडा पैदाशीला द्यायचा, ही त्यातली अट. हिस्सेदारांनी एका अंदाजावर पैसे लावले होते आणि पुढे ट्रिपल क्राउन फुकटात पदरात पडला.

तो वांझ निघाला, अशी बातमी होती ना?

तशी भीती होती. क्लेबर्नला आल्यावर त्याचं वीर्य तपासलं तर त्यात अपक्व पेशी आढळल्या. विमेवाले, हिस्सेदार, सगळ्यांची झोप उडाली. मग चाचणीसाठी थरोब्रेड नसलेल्या घोड्या दाखवल्या. त्यातली अपालूसा जातीची लिओला गाभण राहिली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये फर्स्ट सेक्रेटरी हे ठिपक्याठिपक्यांचं शिंगरू जन्मलं. ठिपके त्यानं आईकडून घेतले. पण शंका फिटली. पुढं या घोड्याला सहाशेहून जास्त शिंगरं झाली.

कृत्रिम रेतनानं हजारो का नाही केली?

थरोब्रेडच्या नोंदवहीत ते चालत नाही. घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संग झाला तरच शिंगराची नोंद होते, भारतातही. शिवाय त्या काळी एका घोड्याकडे वर्षाला चाळीसेक घोड्या पाठवत. आजचे मोठे बापघोडे शंभराहून कितीतरी जास्त घोड्या भरवतात. जुन्या आणि नव्या घोड्यांच्या पोरांची संख्या सरळ शेजारी मांडू नये, ते यामुळे.

पैदाशीत तो अपयशी ठरला, हे कितपत खरं?

लोकांना दुसरा सेक्रेटेरिएट हवा होता. तो झाला नाही. त्याचं पहिल्या हंगामातलं कॅनेडियन बाउंड हे शिंगरू १९७६ मध्ये कीनलँडच्या लिलावात १५ लाख डॉलरला गेलं. दहा लाखांपलीकडे गेलेलं ते पहिलंच वर्षाचं शिंगरू, आणि ते एकही शर्यत जिंकलं नाही. पेपरांना एवढं पुरलं. शिक्का बसला तो बसलाच.

आता खरी पोरं बघा. जनरल असेंब्लीनं १९७९ ची ट्रॅव्हर्स बरोबर दोन मिनिटांत जिंकली. हा विक्रम २०१६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. लेडीज सीक्रेट ही राखाडी घोडी ४५ शर्यती धावली, २५ जिंकली आणि १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर झाली. रायझन स्टारनं १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकली, बेलमाँट तर १४ लांबींहून अधिक फरकानं. हे अपयश असेल तर असं अपयश कुठलाही फार्म डोक्यावर घेईल.

कमी पडला तो एका बाबतीत: त्याच्या मुलग्यांमधून मोठा बापघोडा निघाला नाही. बाप, मुलगा, नातू अशी सरळ ओळ त्यानं चालवली नाही. आणि घोड्यांच्या धंद्यात सगळी नजर त्या ओळीवर असते.

चालवलं ते मुलींनी. टर्लिंग्वा स्वतः झपाट्याची घोडी. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट. एका घोडीमागे त्याचा दर पुढे पाच लाख डॉलरवर गेला. वीकएंड सरप्राइजचे दोन मुलगे: १९९० ची प्रीकनेस जिंकणारा समर स्क्वॉल आणि १९९२ ची बेलमाँट जिंकून हॉर्स ऑफ द इयर झालेला ए. पी. इंडी. सीक्रेटेमचा मुलगा गॉन वेस्ट. बेटीज सीक्रेटचं तर बघतच राहावं: एक मुलगा सेक्रेटो, १९८४ ची एप्सम डर्बी जिंकणारा. दुसरा इस्ताब्राक, अडथळ्यांच्या शर्यतीतला, लागोपाठ तीन चॅम्पियन हर्डल जिंकणारा. एकाच आईचे, आणि दोन वेगळ्याच दुनियांतले. १९९२ मध्ये सेक्रेटेरिएट अमेरिकेतला अव्वल 'आजोबा' ठरला, म्हणजे मुलींच्या पोरांच्या कमाईत पहिला. तोवर त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मुलींकडूनच का? त्या मोठ्या हृदयाच्या गोष्टीचा याच्याशी संबंध आहे का?

आधी हृदयाबद्दल. केंटकी विद्यापीठाचे डॉ. थॉमस स्वेर्चेक यांनी त्याची मरणोत्तर तपासणी केली. हृदय निरोगी, पण असाधारण मोठं. त्यांनी ते तोललं नाही. २२ पौंड, म्हणजे सुमारे दहा किलो, हा आकडा त्यांनी नंतर अंदाजानं सांगितला. १९९३ मध्ये शॅम मेला तेव्हा त्याचं हृदय त्यांनी तोललं, ते १८ पौंड भरलं. त्यावरून हा अंदाज. सामान्य थरोब्रेडचं साडेआठ पौंडांच्या आसपास असतं. म्हणून '२२ पौंड' वजनकाट्यावरचा आकडा म्हणून सांगू नका. मोठं होतं एवढं मात्र नक्की.

आता सिद्धांत. मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावर असतो, असं काही जण मांडतात. बाप आपलं एकमेव एक्स मुलीलाच देतो, मुलाला वाय देतो. म्हणून सेक्रेटेरिएटचं हृदय मुलींकडे गेलं आणि मुलगे कोरडे राहिले. ऐकायला झकास. पण असा जनुक कुणी बोट ठेवून दाखवलेला नाही, आणि हृदयाचा आकार एकाच गोष्टीवर ठरत नाही.

मला साधं उत्तर जवळचं वाटतं. त्याच्याकडे आल्या त्या उत्तमोत्तम घोड्या. त्यांच्या मुली मग उत्तमोत्तम घोड्यांना दिल्या गेल्या. स्टॉर्म कॅटचा बाप स्टॉर्म बर्ड, ए. पी. इंडीचा सिॲटल स्लू, गॉन वेस्टचा मिस्टर प्रॉस्पेक्टर. सून म्हणून अशा घरात गेल्यावर नातवंडं नाव काढणारच.

त्याचा मृत्यू कसा झाला?

लॅमिनायटिसनं. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारा पापुद्रा सुजतो, पकड सुटते, घोड्याच्या स्वतःच्या वजनानं हाड खाली सरकतं. वेदना भयंकर, आणि घोड्याला पाय वर उचलून पडून राहता येत नाही. १९८९ च्या सप्टेंबरात दुखणं उघड झालं, उपायांनी उतरलं नाही आणि ४ ऑक्टोबरला त्याला इंजेक्शन देऊन सोडवलं. वय १९. केंटकीत मोठ्या घोड्याचं डोकं, हृदय आणि खूर तेवढे पुरायची रीत आहे. याला क्लेबर्नमध्ये अख्खा पुरला. फार्म केंटकीतल्या पॅरिस गावाजवळ आहे. आधी वेळ ठरवून गेलं तर पाहता येतो.

आजच्या घोड्याच्या वंशावळीत तो कसा शोधायचा?

वरच्या, बापाच्या ओळीत शोधत बसू नका, तिथं सापडणार नाही. स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी, गॉन वेस्ट ही नावं दिसली की त्यांच्या आईवर बोट ठेवा. टॅपिट, स्पाइट्सटाउन, इल्युसिव्ह क्वालिटी दिसले तरी चालेल, ते याच तिघांचे मुलगे-नातू.

पाच पिढ्यांच्या तक्त्यात २०१५ चा ट्रिपल क्राउन विजेता अमेरिकन फॅरो घेतलात तर सेक्रेटेरिएट शेवटच्या रकान्यात भेटतो, आईच्या बाजूनं, टर्लिंग्वाचा बाप म्हणून. २०१८ चा विजेता जस्टिफाय घेतलात तर शेवटच्या रकान्यात बापाकडून टर्लिंग्वा आहे आणि आईकडून वीकएंड सरप्राइज. दोघींचा बाप पाहायचा तर सहाव्या पिढीचा तक्ता मागवा.